उगवतीच्या बांधावरचा कोहळा

नवरात्रात चौथ्या माळेला सकाळीच प्रयागबाईंना उसाच्या उगवतीकडच्या बांधावर चिरलेला कोहळा दिसला. वर हळदकुंकू. झालं! करणीच ही. आणि करणी म्हटली की बयाबाई, त्यांची विधवा धाकटी जाऊ. शेजारीपाजारी कोहळ्याचा वेल फक्त तिच्याच कुडावर होता.

प्रयागबाईंचा संशय तसा बारमाही. दूधवाल्यापासून देवळाच्या गुरवापर्यंत कुणी सुटत नसे. पण आज त्याला कारणही होतं. सून आरती गरोदर होती, आणि मागच्या खेपेचं मूल पोटातच गेलं होतं. त्यांनी काठीनं कोहळा कॅनॉलमध्ये लोटला आणि तडक जावेचं दार गाठलं.

"बये, माझ्या नातवाच्या जिवावर उठलीस व्हय?"

शेंगदाणे भाजता भाजता बयाबाई म्हणाली, "कोहळा माझाच हाय, आक्का. पर बाईमाणूस कोहळ्याला पयली सुरी लावतं का कंदी? माझ्या घरात गडी न्हाई. तुमच्या घरात बघा."

मुलगा अमृत आळेफाट्याला गॅरेजात, तिथंच राहायचा. उरला नवरा. म्हणजे हाही जावेला सामील! प्रयागबाई तणतणत घरी आल्या. भिमाजी ओट्यावर विळा पुसत होते.

"मीच चिरला," ते म्हणाले. "आरतीनं टीव्हीवर ऐकलं व्हतं. आजची देवी कूष्मांडा. सूर्यात राहती. ती हसली अन् समदं जग जलमलं. तिला कोहळा वाहिला तर पोटातलं टिकंल, म्हणाली."

"मग मला का न्हाई सांगितलं? बयेला सांगितलं, तुमाला सांगितलं!"

भिमाजींनी विळ्यानंच दाराकडे खूण केली. दारात आरती उभी होती, पदर पोटावर धरून.

"मागल्या खेपंला समद्यात आदी तुमालाच सांगितलं व्हतं, आत्या," ती खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, तुमचीच दृष्ट लागली."

प्रयागबाईंना फार लागलं. करणी, दृष्ट यांवर साऱ्या घरात त्यांचाच विश्वास सगळ्यांत जास्त. खरंच लागली असेल तर?

त्या पुन्हा जावेच्या कुडापाशी गेल्या.

"बये, आणखी एक कोहळा दे. पयला मी कॅनॉलात टाकला."

"घ्या की. वेलावर हायेत."

"मी न्हाई हात लावत. तूच तोड. आरतीला अन् ह्यांना घेऊन बांधावर जा."

"अन् तुमी?"

"मी हितंच थांबते," प्रयागबाई म्हणाल्या, आणि बांधाकडे पाठ करून उभ्या राहिल्या.