ओपलने बसवलेला पाय

ओपल पाठीवर आडवी झाली, टाचा वाळूत रोवल्या आणि घरगाडीखाली सरकली. डोकं आत गेलं, पोट अडकलं. तिने श्वास सोडला, मग पोटही गेलं.

"पाना दे," म्हणत तिने हात बाहेर काढला.

बाहेर तिचा नवरा लायल घडीच्या खुर्चीत बसला होता. उजव्या खांद्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, तो हात झोळीत. डाव्या हाताने त्याने पाना दिला.

"हा नव्हे. मोठा."

"मी हाच वापरतो."

"म्हणून तर बोल्टांची डोकी अशी झिजलीत."

शेजारच्या गाडीतला ड्वाइट खो खो हसला. ॲरिझोनाच्या त्या वाळवंटी तळावर हिवाळाभर म्हातारी माणसं आपापली घरं चाकांवर घेऊन येतात, आणि कुणी गाडीखाली शिरलं रे शिरलं की बाकीचे खुर्च्या उचलून बघायला येतात. ड्वाइटने कॉफीची किटलीही आणली होती.

उभी गाडी सपाट धरायला खालून तेलाच्या दाबावर चालणारे चार हायड्रॉलिक पाय असतात. त्यातला मागचा डावा लाल तेल गाळत होता, आणि रात्रीतून गाडीचा तो कोपरा खाली बसायचा. लायल शेकोटीपाशी सांगायचा, की आमच्याकडे अंडं फोडलं तर तव्यात पडायच्या आधी ड्वाइटच्या दारात जातं, आणि कुत्रा बिछान्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत चढ चढताना वाटेत दोनदा विसावा घेतो. लायलच्या थापा ऐकायला लोक स्वतःचं सरपण घेऊन यायचे.

पण ओहायोतल्या मुलाला, ग्रेगला, त्याने एक गोष्ट खरी कबूल केली होती. ज्या वर्षी गाडीखालचं काम आमचं आम्हाला झेपणार नाही, त्या वर्षी गाडी विकू आणि तुझ्या तळघरात राहायला येऊ. तळघरातली खोली रंगवून तयार होती. ग्रेगने पडद्यांचा फोटोही पाठवला होता. पडद्यांवर बदकं होती.

ओपलने बदकं बघितली आणि दुसऱ्याच दिवशी नवा पाय मागवला.

गाडीचं धूड तिने आधी जाड ओंडक्यांवर टेकवलं होतं. एकेका ओंडक्याला लाथ घालून बघितल्याशिवाय ती खाली शिरली नव्हती. आता नळी सुटली, उरलंसुरलं तेल थेट तिच्या केसांत.

"रंग छान दिसतोय गं!" ड्वाइट ओरडला.

"तुझ्या टकलाला लावू का?"

शेवटचा बोल्ट हलेना. ओपलने स्वतःचे दोन्ही पाय चाकाला लावले, पाना छातीशी धरला आणि अशी काही शिवी घातली, की लायल म्हणतो, ती ऐकून बोल्टच लाजून सुटला. जुना पाय तिने छोट्या जॅकवर अलगद उतरवला. नवा त्याच जॅकवर ठेवून इंच इंच वर नेला, बोल्ट आवळले, नळी जोडली.

तेवढ्यात ड्वाइट तेलाच्या टाकीत डोकावला.

"अगं, ही तर अर्धी रिकामी! ओतू का?"

"हात लावलास तर बघ! बाकीचे पाय अजून खाली आहेत. ते वर आले की त्यांच्यातलं सगळं तेल टाकीत परत येणार. आत्ता भरलंस तर कारंजं उडेल."

"तुला कुणी शिकवलं हे?"

"वायोमिंगात ह्यानेच उडवलं होतं. पुसत मी बसले होते."

लायलला एकाएकी स्वतःच्या बुटांची नाडी फार महत्त्वाची वाटायला लागली.

गाडीचे सगळे पाय वर घेऊन तिने तेल बघितलं, लागेल तेवढंच घातलं. मग पाय खालीवर करून आतली हवा काढली, ओंडके ओढून घेतले आणि गाडीतल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा सरकला, रेंगाळला, मधोमध येऊन थांबला. खाली नव्या सांध्यावरून लायलने डाव्या हाताचं बोट फिरवलं. बोट कोरडं. त्याने ते सगळ्या खुर्च्यांना दाखवलं, एकेकाच्या नाकासमोर नेऊन.

जेवायच्या आधी त्याने ग्रेगला फोन लावला.

"तुझ्या आईने पाय बदलला. एकटीने."

ग्रेग हसत सुटला. "बाबा, ही थाप जरा जास्तच झाली हं. मेकॅनिक कोण बोलावलात ते सांगा."

"शपथ घेतो!"

"अस्वलाच्या वेळीही शपथच घेतली होती तुम्ही."

ओपलने लायलच्या हातातून फोन घेतला.

"आधी गाडी ओंडक्यांवर घेतली," ती म्हणाली. मग नळी कशी सोडली, कुठला बोल्ट अडला, पाय वर कसा नेला, हवा कशी काढली, सगळं ओळीने सांगितलं. कुठे अडली नाही, कुठे मीठमसाला लावला नाही.

ग्रेगचं हसणं केव्हाच थांबलं होतं.

"आई," ग्रेग म्हणाला, "माझं ते लाकडं फोडायचं मशीन आहे ना... त्यातूनही तेल गळतंय."

"नळीतून की दट्ट्याच्या दांड्यापाशी?"

"बघितलं नाही."

"मग आधी वाकून बघ."

"हो." तो जरा घुटमळला. "बर्फ वितळल्यावर येऊन जाशील का? बघायला?"

ओपलने लायलकडे बघितलं. तो जॅक पुसत होता, पण कान इकडेच होते.

"येऊ की," ती म्हणाली. "अंगणात गाडीला जागा करून ठेव. सपाट नसली तरी चालेल."