अर्ध्या ओढीचा क्लच

थोरल्याने गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि मूठ पूर्ण पिळली. इंजिन जीव तोडून ओरडलं, पण चढावर पुढे सरकायचं काही नाव घेईना. मागून हातगाडी ढकलत येणारा म्हातारा त्याला ओलांडून पुढे गेला आणि वळून हसलासुद्धा. थोरल्याने ते हसणं मनावर घेतलं नाही. क्लच घसरत होता, चांगलाच घसरत होता, आणि या गाडीत नव्या प्लेटा पडून अजून दोन महिने झाले नव्हते. त्या टाकल्या होत्या धाकट्याने. मनात उकळ्या फुटायला एवढं पुरे होतं.

धाकटा म्हणजे काही त्याचा भाऊ नव्हे. दोघे एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकले. थोरला आधी आला, धाकटा तीन वर्षांनी, आणि उस्तादांनी पाडलेली ही नावं दोघांचे केस पिकले तरी सुटली नाहीत. आता रस्त्याच्या अलीकडे थोरल्याचं गॅरेज होतं आणि पलीकडे, नेमकं समोर, धाकट्याचं. थोरल्याची बायको म्हणायची, "तुमचा एक डोळा पान्यावर आणि एक समोरच्या दुकानावर. एखाद दिवशी बोट चेमटवून घ्याल." तिचं खरं होतं, पण डोळा ऐकत नव्हता. उस्तादांनी काम सोडलं तेव्हापासून त्यांची स्वतःची गाडी कायम पलीकडे लागायची. थोरल्याच्या कामाला त्यांनी कधी वाईट म्हटलं नाही, आणि चांगलंही म्हटलं नाही. त्या एका शब्दासाठी तो वीस वर्षं झुरत होता.

आणि काल सकाळी उस्तादांनी गाडी आणून त्याच्या दारात उभी केली होती.

"क्लच बघ रे. समोरच्याच्याने काही होत नाही."

एवढंच बोलून ते गेले. थोरल्याला रात्री दोन घास जास्त गेले.

चढावरून परत आल्यावर त्याने आधी लिव्हर धरला. क्लचचा लिव्हर ओढ लागण्याआधी बोटभर तरी सैल हलला पाहिजे. हा जागचा हलत नव्हता. तार इतकी ताणलेली होती की कुणी हात न लावताही क्लच अर्धवट दाबलेलाच राहत होता. अशाने प्लेटा जळणार नाहीत तर काय होईल! त्याने इंजिनाचं झाकण उघडलं, तर जळका वास नाकात गेला आणि आतल्या पोलादी चकत्या निळ्या पडलेल्या दिसल्या. मग त्याची नजर लिव्हरच्या बुडाशी, तार ताणायच्या स्क्रूवर गेली. त्यावर पक्कडीचे ताजे ओरखडे होते. हा स्क्रू बोटांनीच फिरवायचा, पक्कड लावणाऱ्याने खुशाल लोहाराकडे नोकरी धरावी, असं उस्ताद म्हणायचे.

थोरल्याने शेजारच्या शिंप्याला हाक मारून बोलावलं.

"हे बघा. उस्तादांचा लाडका शिष्य! तार सैल सोडायची अक्कल नाही, आणि स्क्रूला पक्कड लावतो."

शिंप्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने च् च् केलं आणि तो पुन्हा मशीनवर जाऊन बसला.

थोरल्याने नव्या प्लेटा बसवल्या, तार बोटभर सैल सोडली आणि त्याच चढावर गाडी पळवून आणली. आता मूठ पिळली की गाडी उसळत होती. उस्ताद यायच्या आधी त्याने टाकीसुद्धा पुसून घेतली. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. धाकट्याचं नाव आपण होऊन काढायचं नाही. उस्तादांनी विचारलं, की मग नाइलाजाने सांगायचं.

उस्ताद दुपारी आले. गाडीवर बसले, किक मारली, लिव्हर ओढून गिअर टाकला. गाडीने आचका दिला आणि ती बंद पडली. त्यांनी पुन्हा किक मारली. पुन्हा आचका.

"तार सैल ठेवलीस."

"उस्ताद, बोटभर सोडलीय. तुम्हीच शिकवलंत..."

"मला नको शिकवू."

त्यांनी पिशवीतून पक्कड काढली आणि उजव्या हाताने लिव्हरच्या बुडाचा स्क्रू पिळायला सुरुवात केली. पक्कडीचे दात जुन्या ओरखड्यांवरच बसले. थोरल्याने त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो हात लिव्हरवर होता. चारही बोटं अर्ध्यात वाकून थांबली होती, आणि उस्ताद जोर लावत होते तरी त्यापुढे मिटत नव्हती.

स्क्रूवरचे ते ओरखडे धाकट्याचे नव्हतेच.

"राहू द्या उस्ताद," तो म्हणाला. "तारच जुनी झालीय. नवी टाकतो. उद्या न्या."

उस्ताद गेले आणि तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला. त्या दुकानाची पायरी तो कित्येक वर्षांत चढला नव्हता. धाकटा टायरमध्ये हवा भरत होता. त्याने वर पाहिलं आणि पंप बंद केला.

"हाताचं कळलं का, दादा?"

"तुला माहीत होतं?"

"वर्ष झालं. दर दोन-तीन महिन्यांनी प्लेटा बदलायचो नि गप्प बसायचो. मागच्या खेपेला राहवलं नाही. त्यांचा हात हातात धरला आणि विचारलं, उस्ताद, दुखतं का?" धाकट्याने फडक्याला हात पुसले. "हिसडा मारून गेले. लेकीला कळलं तर ती किल्ली काढून घेईल, ही भीती. तेव्हापासून माझ्या दारात पाऊल नाही."

"मग माझ्याकडे का आले?"

धाकट्याने पंपाची नळी गुंडाळून ठेवली.

"तू गाडी बघतोस, दादा. माणसाकडे तुझं लक्ष नसतं. त्यांना तेच हवं असेल."

हे त्याने टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. थोरल्याला भांडता तरी आलं असतं.

धाकट्याने फळीवरच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेला एक लिव्हर काढला. तार अडकवायचं मूळचं भोक भरून काढलं होतं आणि जवभर बाहेर नवं पाडलं होतं. लिव्हर तेवढाच ओढला तरी तार जास्त खेचली जाणार होती. ओढ थोडी जड गेली असती, पण बोटं अर्ध्यात थांबली तरी क्लच पुरता सुटला असता, आणि तार ताणायची गरजच उरली नसती. थोरल्याने तो उजेडात धरून खालीवर पाहिला. जोड कुठे आहे ते सापडेना. एवढं सुबक काम आपल्याला सुचलं नाही, याचाच त्याला आधी राग आला.

"मी दिला तर घेणार नाहीत," धाकटा म्हणाला. "तू बसव. बोलू मात्र नकोस काही."

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी गाडी सुरू केली, लिव्हर ओढला, आणि गिअर लोण्यासारखा पडला. कोपऱ्यापर्यंत जाऊन ते परत आले. मग इंजिन बंद करून त्यांनी लिव्हरवरून अंगठा फिरवला. भोकापाशी अंगठा थांबला. सारा जन्म लिव्हर हाताळलेला माणूस, त्यांना काय कळायचं राहणार होतं!

"थोरल्या."

"जी."

"काम असं करावं. विचारणं नाही, सांगणं नाही." त्यांनी अंगठा लिव्हरवरून उचलला. "तुझ्यासारखा कारागीर माझ्या हाताखाली दुसरा झाला नाही. मी ओळखायला चुकलो."

हा शब्द ऐकायला त्याने किती वर्षं घालवली होती! आता तो आला आणि त्याला कुठे ठेवावा हे थोरल्याला कळेना. लिव्हर माझा नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण तसं म्हटलं, तर त्यांच्या हाताविषयी आपण दोघे बोललो हे उस्तादांना कळणार होतं, आणि मग ही गाडी कुठल्याच दारात आली नसती. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्यासारखा तो उभा राहिला.

"सावकाश जा, उस्ताद," एवढंच तो म्हणाला.

उस्ताद निघाले ते रस्ता ओलांडून थेट पलीकडच्या दुकानासमोर थांबले. गाडी चालूच ठेवून, चार गिऱ्हाइकांसमोर, त्यांनी मोठ्याने हाक दिली.

"काय रे धाकट्या! वर्षभर नुसत्या प्लेटा बदलत बसलास. क्लच कसा लावतात ते थोरल्याकडून शीक जरा!"

गिऱ्हाइकं हसली. धाकट्याने हात जोडले.

"हो उस्ताद. चुकलंच माझं."

त्याचा चेहरा अगदी खुलला होता. उस्तादांनी डाव्या हाताने लिव्हर ओढला तेव्हा तो दुसरीकडे कुठेच बघत नव्हता, फक्त त्या चार बोटांकडे बघत होता. गाडी आचका न देता निघाली आणि वळणावरून दिसेनाशी झाली.

अलीकडे उभ्या असलेल्या थोरल्याला त्याचा आजवर वाटला नव्हता एवढा हेवा वाटला. तो खाली बसला आणि विखुरलेले पाने गोळा करायला लागला.