धुऱ्यावरची शाळा

कापूस फुटला की तांड्यातली बालवाडी रिकामी व्हायची. आया वेचणीला, लेकरं आयांच्या मागं. कळंबकडच्या तांड्यात हे दरसालचंच. म्हणून बालवाडी शिकवायला शेजारच्या गावाहून येणाऱ्या धनीबाईनं शाळाच उचलून शेताच्या धुऱ्यावर नेली, बांधावरच्या बाभळीच्या सावलीत.

प्रशिक्षणात तिनं ऐकलं होतं, ताराबाई मोडक नावाच्या बाईंनी पन्नासेक वर्षांआधी डहाणूकडे गुरं चारणाऱ्या लेकरांसाठी कुरणातच शाळा भरवली. लेकरू येत नसंल, तर शाळेनं त्याच्याकडे जावं. बाकीचं प्रशिक्षण धनीबाई विसरली. एवढं मात्र काळजाला चिकटून राहिलं. सुखीबाईची पाच वर्षांची प्रेरणा, जी आईशीही धड बोलायची नाही, ती धुऱ्यावर आल्यापासून बोलू लागली होती.

दोन हजार सहाची दिवाळी होऊन महिना झाला नि तपासणीच्या मॅडम आल्या. खोलीला कुलूप, धुऱ्यावर चौदा लेकरं.

"शाळा खोलीत भरते, बाई. नवे तक्ते कशाला दिलेत?"

"तक्ते तिकडंच हायेत, मॅडम. लेकरं इकडं हायेत."

"उद्यापासून खोलीत बसा. नाहीतर दुसरी बाई पाहू."

धनीबाई खोलीत बसली. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. तक्त्यावर हत्ती होता, जहाज होतं. पाहायला कोणी नव्हतं. वाऱ्यानं दार हललं की ती म्हणायची, "ये ना, प्रेरणा."

नवव्या दिवशी तिच्यानं राहवलं नाही. धुऱ्यावर आली, तर एकटा लखीराम राखणदार.

"काका, लेकरं कुठी गेली?"

"आदिलाबादकडे, आयांसंगं. यंदा दोन वेचण्यांतच इथला कापूस सरला. काल टेम्पो भरून गेला."

"प्रेरणा बी?"

"तुही ते चेली? रोज इथं बसे. बाई येते, म्हणे. तू आली नाही, तं मलेच धरलं! सत्तरीचा बुढा मी, मांडी घालून बसवलं. चुकलो का डोये वटारे."

धनीबाई हसली. हसू अर्ध्यातच अडकलं.

"काय शिकवलं तुले?"

लखीरामनं घसा खाकरला. "बोंडाच्या घरात पांढरं पाखरू..."

"अन् पुढं?"

"पुढचं तिलेच येत नोतं. बाई सांगन, म्हणे."

धनीबाई आदिलाबादच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. ओठांतल्या ओठांत म्हणाली,

"उघडलं दार, तं त्याले कसं धरू..."

"हळू काहून म्हणतं, बाई?" लखीराम म्हणाला. "दूर गेली ना ते."