साडेआठच्या आत

“मावशी, हात मागे घ्या!” मॅनेजरबाई जिन्यातूनच ओरडल्या. शेजारच्या दारावरच्या पाटीकडे गेलेला हात मी चटका बसल्यासारखा मागे घेतला. मेली सवय जाता जात नाही!

आमच्या इमारतीत सगळे म्हातारे. प्रत्येकाची खोली स्वतंत्र, कुलूप-किल्ली आपली, स्वयंपाक आपला. नियम एकच. सकाळी साडेआठच्या आत दारावरची लाल पाटी उलटून हिरवी करायची, म्हणजे माणूस उठलाय, ठणठणीत आहे. लाल राहिली की मॅनेजरबाई जादा किल्लीने दार उघडून आत शिरतात.

शेजारचे पंपवाले जन्मभर पंप दुरुस्त करत हिंडलेले, आता उशिरापर्यंत झोपायचे. झोपू दे बिचाऱ्याला, म्हणून त्यांची पाटी मीच उलटायचे. नको तिथे लुडबुड करायची माझी जुनी खोड! गेल्या महिन्यात ते बाथरूममध्ये पडले. बाहेर पाटी हिरवीगार, दुपारपर्यंत कुणी डोकावलंच नाही. मी सगळ्यांसमोर कबूल केलं आणि ढसाढसा रडले.

काल संध्याकाळी ते हॉस्पिटलातून परतले. आज त्यांची लेक रिकामी बॅग घेऊन हजर. तिने आठवड्यापूर्वी हॉस्पिटलातच अट घातली होती, “बाबा, स्वतः येऊन पाटी उलटलीत तर राहा इथं. नाहीतर मुकाट्यानं माझ्याकडं.”

आठ वाजून बावीस मिनिटं. आतून वॉकरचा आवाज आला, ठक, ठक. मग थांबला. माझा जीव टांगणीला!

“मी जाऊ का आत?” लेक कुजबुजली.

“खबरदार!” मी म्हटलं. “आठवडाभर मनात तालीम करतायत ते.”

दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, गुंड्या वर-खाली लागलेल्या. हात पाटीकडे गेला, पाटी निसटली, लालच राहिली. मॅनेजरबाई, लेक आणि मी, तिघी श्वास रोखून उभ्या. त्यांनी पँटला हात पुसला आणि पुन्हा धरली.

हिरवी!

मी टाळ्याच पिटल्या. लेक हसता हसता डोळे पुसायला लागली. “जिंकलात, बाबा!”

पंपवाल्यांचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ते माझ्या दाराकडे बघत होते.

“बाई, तुमची अजून लाल आहे.”

अगं बाई, खरंच की! या गडबडीत माझीच राहिली. साडेआठला एक मिनिट कमी होतं आणि माझं दार त्यांच्या हाताच्या अंतरावर.

त्यांनी हात लावला नाही. मी गुडघा चोळत तिथवर पोहोचेपर्यंत ते वॉकर धरून ताठ उभे राहिले.