भिंतीपलीकडचा रंगारी

मित्रांनो, मी एक जुने मेज आहे. तंबू शिवणाऱ्यांच्या घरात माझा जन्म झाला. अख्खे कातडे पसरता यावे म्हणून घरधन्याच्या वडिलांनी मला चांगले लांबरुंद घडवले. दिवसभर माझ्यावर कातडी कापली जात, आरीने भोके पडत, मेण लावलेला दोरा सर्रकन ओढला जाई. माझ्या अंगावर सुरीच्या ओरखड्यांना तोटा नाही.

असे मी साधे कामकरी. पण आठवड्याच्या पहिल्या दिवशी उजाडता उजाडता मला स्वच्छ पुसले जाई आणि येशूवर विश्वास ठेवणारी माणसे माझ्याभोवती बसत. त्या काळी गावात अशी माणसे होतीच किती! लोहार, त्याचा धाकटा भाऊ, एक दाई, काही हमाल आणि एक श्रीमंत म्हातारा. तो म्हातारा स्वतःच्या हमालाच्या मांडीला मांडी लावून बसे, एकाच भाकरीतला घास घेई. बाहेर जे कुठेच दिसत नव्हते, ते माझ्याभोवती घडत होते. मी थक्क होऊन पाहत राही.

एके दिवशी शिपाई आले. यांनी कातड्यांखाली शस्त्रे लपवली आहेत, असे कोणीतरी अधिकाऱ्याला सांगितले होते. घर उलथेपालथे केले तरी एकही शस्त्र सापडले नाही. तरीही घरधन्याला आणि लोहाराच्या भावाला बेड्या पडल्या आणि आमच्या सभांवर बंदीचा हुकूम निघाला. घरधनी तुरुंगातच तापाने गेला.

त्याच्या बायकोला सगळे ताई म्हणत. ताईने काम सोडले नाही आणि प्रार्थनाही सोडली नाही. रोज पहाटे माझ्यावर कोपरे टेकून ती मोठ्याने म्हणे, “देवा, ज्यानं कुणी हे केलं, त्याला क्षमा कर. त्यालाही तुझी ओळख पटू दे.”

भिंतीपलीकडे रंगारी राहत होता. घरधन्याचा जुना दोस्त. कपडे रंगवून रंगवून त्याचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. भिंत पातळ होती. ताईचा प्रत्येक शब्द त्याला ऐकू जात होता.

एका सकाळी सगळे जमले असताना तो दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला, मान खाली.

“ते मीच सांगितलं होतं, वहिनी,” तो म्हणाला. “अधिकाऱ्यानं दम दिला. तुमच्याविरुद्ध साक्ष दे, नाहीतर दुकान बंद करीन म्हणाला. मी घाबरलो आणि खोटं बोललो. रोज तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करता आणि मला घास गिळवत नाही.”

लोहार ताडकन उठला. “माझा भाऊ अजून आत सडतोय! चालता हो इथून!”

ताईने दोन्ही तळवे माझ्यावर दाबून धरले होते. नाव नसलेल्या माणसाला क्षमा करणे तिला जमले होते. आता त्याला तोंड होते, निळे हात होते, आणि तोच तिच्या नवऱ्याच्या हातात हात घालून किती वेळा या दारातून आत आला होता!

मग ती म्हणाली, “मला जमत नाहीये. सगळ्यांनी प्रार्थना करा. त्यांच्यासाठी नंतर. आधी माझ्यासाठी.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. थोड्या वेळाने लोहारानेही घातली. खोलीत कोणी मोठ्याने बोलत नव्हते, पण मी लाकूड असूनही माझ्या अंगावर काटा आला. शेवटी ताईने भाकर मोडली. अर्धी हातात धरून ती थांबली, रडली आणि मग ती अर्धी तिने रंगाऱ्यापुढे सरकवली.

“बसा, भाऊजी.”

रंगारी बसला. ओक्साबोक्शी रडला. पण नुसता रडून घरी गेला नाही. त्याच दिवशी तो अधिकाऱ्यासमोर गेला आणि आपली साक्ष खोटी होती, असे त्याने भर कचेरीत सांगितले. लोहाराचा भाऊ सुटला. खोट्या साक्षीबद्दल रंगारी आत गेला.

ताई त्याच्यासाठी तुरुंगात जेवण नेऊ लागली. पहारेकऱ्याला नवल वाटले. “बाई, याच्यामुळेच तुमचा नवरा गेला ना? मग हे जेवण कशाला?”

“त्यांना भूक लागते म्हणून,” ताई म्हणाली.

हे उत्तर पहारेकऱ्याच्या मनातून जाईना. तो एका सकाळी बायकोमुलांना घेऊन आला. त्याच्यामागून शेजारी आले, शेजाऱ्यांच्या सुना आल्या. खोली पुरेना, तसे लोक अंगणात बसू लागले. पुढे दाईच्या घरी सभा भरू लागली, मग नदीपलीकडे. बंदीचा हुकूम कायम होता, तरी माणसे वाढतच गेली. हे कोण घडवत होते, ते मला दिसले नाही. त्याचे सामर्थ्य मात्र मी पाहिले.

आता सभेसाठी मोठे दालन झाले आहे. मी मागच्या खोलीत आहे. माझा एक पाय कुजला आहे, अंगावर पोती रचली आहेत. माझी तक्रार नाही. माझे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. चूक झाली तर रंगाऱ्यासारखे जा आणि ती निस्तरा. आणि कोणाला क्षमा करणे जमेना, तर एकट्याने कुढत बसू नका. शेजारच्या माणसाला सांगा, “माझ्यासाठी प्रार्थना कर.” हे सांगायला ताईला लाज वाटली नाही.