एका वल्ह्याची पैज

दातांच्या दवाखान्यासमोरचं गटार उघडं होतं. दर रविवारी दुपारी चार माणसं ते उडी मारून ओलांडत आणि आत येत. पाचवा आतच असे. तो तिथे कवळ्या बनवायचा आणि रविवारी दवाखान्याची किल्ली त्याच्याकडे असायची, म्हणून त्याला सगळे कवळ्या म्हणत. म्हणजे किल्लीमुळे नव्हे.

मंडळाचा विषय एकच, ती सात खंडांची जुनी अद्भुत कादंबरी. तिच्यात बुडालेली शहरं होती, बोलणारे पर्वत होते, आणि पहिली दोनशे पानं नुसतं हवामान होतं. लेखक केव्हाच वारला होता, त्यामुळे त्याच्याशी भांडता येत नसे. मंडळी एकमेकांशी भांडत.

मंडळात शिरताना एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या वतीने बोलायचं, असा नियम होता. मास्तर, म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, हे थोरले जादूगार. लिफ्ट दुरुस्त करणारा लिफ्टवाला हा लोहार. चष्मे बनवणारी चष्मेवाली ही वैदीण. कवळ्याची थोरली बहीण, शिवणकाम करणारी ताई, ही नावाडीण. कवळ्या स्वतः द्वारपाल. द्वारपालाला सात खंडांत एकच वाक्य होतं, पण सगळ्यांचा डोळा त्या वाक्यावर होता: "दार माझं नाही, पण उघडणं माझं आहे." ताईलाही तेच पात्र हवं होतं. पण थोरल्या बहिणी देतात तसं, सुनावत सुनावत, तिने ते धाकट्याला दिलं होतं.

दुसरा नियम पैजेचा. मजकुरावरून पैज लागली की जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचं पात्र मागायचं आणि आपलं त्याला द्यायचं. खुर्च्याही बदलायच्या. आजवर कुणी हरलं नव्हतं, कारण पुस्तक सगळ्यांना पाठ होतं.

मग त्या कादंबरीवर मालिका आली.

पहिल्या भागात थोरला जादूगार पंचविशीचा निघाला. "हे काय दंड आहेत का जादूगाराचे!" मास्तर कवळी सावरत ओरडले. "हा मंत्र म्हणणार की वजनं उचलणार?"

पुढच्या रविवारी मास्तरांनी गटार एका पायावर ओलांडलं. डोक्यावर दाट केस, हनुवटीला खळी. ते हसले तेव्हा कवळ्याला बत्तीस दात दिसले, आणि त्यातला एकही त्याने बनवलेला नव्हता.

"मास्तर, तुमची कवळी?"

"कसली कवळी? अजून सव्विसावं लागायचंय मला."

"रविवारी तरी गिऱ्हाईक शोधू नकोस रे," ताई म्हणाली.

पुढच्या भागात निर्मात्यांनी लोहार आणि वैदीण यांचं एकच पात्र केलं. गोष्ट पळावी म्हणून. त्या रविवारी लिफ्टवाला एकटाच आला. एका खिशात पाना, दुसऱ्यात भिंगं, नाकावर तिचा चष्मा. हसला तेही तिच्यासारखं, नाकातून. खुर्च्या चारच होत्या.

"चष्मेवाली कुठे?" कवळ्याने विचारलं.

"मीच की. लिफ्टही बघतो, चष्मेही बघतो. वर गेलेल्या माणसाला काहीतरी दिसायला नको?"

सगळे हसले. कवळ्या मागच्या खोलीत गेला. फळीवर त्याने घेतलेले दातांचे प्लास्टरचे ठसे रांगेत होते. चष्मेवालीचा होता, जागच्या जागी, तिरक्या सुळ्यासकट. तो त्याने ताईपुढे धरला.

"कुणाचा हा?" तिने विचारलं.

"तुझ्या मैत्रिणीचा."

"मला मैत्रीण असती तर रविवारी तुमच्यात येऊन बसले असते का?"

कवळ्याने ठसा परत ठेवला. त्याच्या शेजारी ताईचा होता. दोरा दाताने तोडून तोडून पुढच्या दाताला पडलेली खाच त्यात स्पष्ट उमटली होती. त्याला एकदम फळीकडे बघवेना.

पुढच्या शनिवारी मालिकेच्या दिग्दर्शकाची मुलाखत आली. "नावाडिणीमुळे गोष्ट रेंगाळत होती," तो प्रसन्नपणे म्हणाला. "येत्या शुक्रवारी तिच्या जागी आम्ही एक फार देखणा पूल देतोय."

कवळ्या तडक ताईच्या दुकानात गेला. "ताई, नावाडीण सोड. दुसरं काहीही घे. पर्वत घे."

"त्यांनी काढली म्हणून मी सोडू? आता तर मुळीच नाही. ती पुस्तकात आहे."

"ती आहे गं. तू नाहीस पुस्तकात."

ताईने उत्तरादाखल दोरा दाताने तोडला.

आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं होतं. तापात कपाळावर पट्ट्या ठेवत सातही खंड वाचून दाखवले होते, सगळे आवाज काढून, हवामानासकट. तिला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण तिला जिंकायला फार आवडतं, हे त्याला ठाऊक होतं. आणि मालिकेच्या जाहिरातीत द्वारपाल दिसला होता. दार सोडून घोड्यावर बसलेला, झुपकेदार मिशीवाला. ज्याला घोडा दिला त्याला इतक्यात काढत नाहीत.

रविवारी सगळे बसल्यावर कवळ्याने घसा खाकरला. "नावाडिणीच्या होडीला दोन वल्ही होती."

लिफ्टवाल्याचा चष्मा घसरला. मास्तरांनी भरदार छातीवर हात ठेवला.

"पुन्हा म्हण," ताई हळू आवाजात म्हणाली.

"दोन. एक डावं, एक उजवं."

"अरे गाढवा, एकच वल्हं म्हणून तर तिची होडी गोल फिरते! म्हणून तर तिला दोन्ही काठ सारखे दिसतात! हे पान मी तुला..." ती थांबली. "तुला ठाऊक आहे."

"नाही."

"माझ्या डोळ्यांत बघून बोल."

कवळ्याने तिच्या दाताच्या खाचेकडे बघितलं. "लाव पैज."

खंड उघडला. वल्हं एकच होतं. असली चूक तर नवख्यानेही केली नसती. मास्तरांनी तोंड फिरवलं.

"माग," कवळ्या म्हणाला.

ताईने खंड मिटला. मग जुनी हौस वरचढ ठरली. "द्वारपाल."

त्यांनी खुर्च्या बदलल्या. ताई उभी राहिली आणि ते एक वाक्य बोलली. इतकी वर्षं आपण ते चुकीचं बोलत होतो, एवढंच कवळ्याच्या मनात आलं.

शुक्रवारी संध्याकाळी भाग लागला. पूल खरंच देखणा होता. तो बघताना कवळ्याच्या पोटऱ्या जड झाल्या, मग पाठ गार पडली. मंडळींचा रविवार बुडू नये म्हणून तो कसाबसा दवाखान्यापर्यंत गेला, किल्ली दाराला लावून ठेवली आणि परत फिरला. गटार ओलांडायला त्याने पाय टाकला. दुसरा काठ हाताला लागला. तो तिथेच आडवा राहिला.

रविवारी तिघं आली.

"बरं झालं, पूल बांधला कुणीतरी," लिफ्टवाला म्हणाला. मास्तर टाचा आपटत गेले. त्यांच्या बुटांच्या टाचांना नवे नाल होते.

ताई शेवटी आली. तिला मिशी शोभत होती. मध्यावर येऊन ती थांबली.

"ताई, चला की," लिफ्टवाला म्हणाला.

"पुस्तकात इथे पूल नव्हता."

"पुस्तकात हे गटार तरी कुठे होतं?" मास्तर आतून म्हणाले.

ती उभीच राहिली. तिचं वजन कवळ्याला पाठीवर नीट कळत होतं. काही बोलावं असं त्याला फार वाटलं, पण पुलाला संवाद नव्हते. ताईने वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या आणि उरलेला पूल अनवाणी ओलांडला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आत तीनच खुर्च्या होत्या. गप्पा रंगल्या.

"ऐकलंत का?" लिफ्टवाला नाकातून हसला. "पुढच्या भागात नदीच काढतायत म्हणे. पाणी फार महाग पडतं."

"मग पुलाचं काय?" ताईने विचारलं.

"नदी नसेल तर पूल कशाला हवाय?"

ताईने मिशीवरून हात फिरवला. मग तिने आपली खुर्ची उचलली, दारात नेऊन ठेवली आणि पुलाकडे तोंड करून बसली.