मोगरीच्या आईचा सूड

मी एक म्हातारी सशीण आहे. मित्रांनो, नीट बसा आणि मध्ये बोलू नका. सशाची जात भित्री, असे तुम्हांला कुणीतरी शिकवले असेल. मी कुणाला भ्यायले नाही, आणि ज्याने माझी लेक नेली त्याला आजवर क्षमाही केलेली नाही.

माझा जन्म परळच्या एका प्रयोगशाळेतला. तिथे माणसांच्या हृदयरोगावर औषधे शोधत. आम्हांला चरबी कालवलेला खुराक देत. त्याने आमच्या रक्तवाहिन्या आतून सुजत आणि जाड होत. मग एका रांगेतल्या सशांना सूज उतरवणारे नवे औषध देत, दुसऱ्या रांगेला देत नसत, आणि शेवटी दोन्ही रांगा कापून तुलना करत. माझी लेक मोगरी औषधाच्या रांगेत होती. मी बिनऔषधाच्या.

या कामाचे धनी डॉक्टर श्यामकांत, गिरगावातल्या जुन्या घराण्यातले. आम्हांला ते कान धरून उचलत. सशाला असे उचलू नये हे त्यांना ठाऊक होते, सवड नव्हती.

गिरण्यांचा संप सुरू झाला त्या वर्षी आम्हांला खुराक घालायला शेवंता आली. ती वरळीच्या बीडीडी चाळीतली. तिचा नवरा कुशाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होता. आता संपामुळे घरी बसलेला, आणि जिना चढला की छाती धरणारा. संप मिटावा, नवऱ्याला बरे वाटावे, म्हणून तिने त्या साली चातुर्मास धरला. चार महिने मांसमच्छी नाही, चरबीला बोटही नाही. आणि जे घरात नाही, ते आमच्या पिंजऱ्यातही नाही! चरबीचा डबा तिने फळीवर चढवला आणि आम्हांला भिजवलेला हरभरा, दूर्वा, मुळ्याचा पाला घातला.

"खावा गं बायांनो," ती म्हणे. "तुमचाबी चातुर्मास. पुण्य लागंल."

दोन्ही रांगांतल्या सशांच्या रक्तवाहिन्या हळूहळू निवळत गेल्या. श्यामकांतांना यातले काही ठाऊक नव्हते. पिंजऱ्यांत काय पडते हे पाहायला ते कधी वाकलेच नाहीत. दिवाळी सरताच त्यांनी औषधाची रांग कापली. औषधाने मोगरी इतकी खंगली होती की नुसते कातडे उरले होते, तिलाही नेले. तिची रक्तवाहिनी स्वच्छ निघाली, आणि साहेबांनी पेढे वाटले. आमची रांग मात्र त्यांनी उघडलीच नाही.

"त्यांचं काय होतं ते गेल्या साली पाहिलंय. पुन्हा कशाला?" असे म्हणून ते शेवंताकडे वळले. "आता माणसांत पहिलं औषध तुझ्या कुशाबाला."

ती भाबडी बाई त्यांच्या पाया पडली. मी जाळीवर दात घासत राहिले. ज्या औषधाने माझी लेक झिजवली, ते आता तिच्या घरात शिरणार होते.

त्याच आठवड्यात पाहणीला श्यामकांतांच्या वरिष्ठ डॉक्टर राजलक्ष्मी आल्या. वय झालेले, अंगावर सुती पातळ, आवाजात जरब. बाई मला आवडल्या.

"बिनऔषधाच्या रांगेतला एक ससा काढा. रक्त पाहू."

"ती कडेची म्हातारी नको, बाई," श्यामकांत घाईने म्हणाले. "महा खट आहे. चावते, लाथा झाडते."

खरेच होते. त्यांच्या मनगटावरचे ओरखडे माझेच. पण त्या दिवशी मी आपण होऊन दाराशी येऊन बसले आणि बाईंच्या हाती कान दिला. सुई गेली, मी मिशीसुद्धा हलवली नाही. लाथा पुष्कळ मारून झाल्या होत्या. आज स्थिर बसण्यातच माझा सूड होता.

चरबी खाणाऱ्या सशाचे रक्त काचेच्या नळीत ठेवले, की वर दुधासारखे पांढरे पाणी येते. माझे आले ते नितळ.

"श्यामकांत, हिला औषध नाही ना? मग हिची चरबी गेली कुठे?"

शेवंताच गोंधळून म्हणाली, "बाई, चरबी फळीवर हाय की. चातुर्मासात तिला कोन शिवंल?"

श्यामकांतांचा चेहरा उतरला. "हिला आत्ताच्या आत्ता कामावरून काढतो!"

"चरबी कशासाठी घालायची, हे तिला कधी सांगितलं होतंत?"

"तिला काय कळणार, बाई?"

"आणि तुम्हांला काय कळलं? चरबीच पोटात नव्हती, तर औषधानं काय उतरवलं? ही रांग न पाहताच पेढे वाटलेत! ती कामावर राहील. आणि कुशाबाला हे औषध द्यायचं नाही."

मित्रांनो, तेव्हाचा त्यांचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. ते सुख मी कुणालाही देणार नाही.

पुढे बाईंच्या हुकमाने शेवंताने मला चाळीत नेले. संप मिटला नाही, गिरणी उघडली नाही. पण कुशाबा दारात बसून बिड्या ओढतो आणि शेवंता त्याच्यावर खेकसते. माझी लेक तेवढी परत आली नाही. प्रयोगही पहिल्यापासून करावा लागला. नवे ससे आले, तेही कापले गेले. त्यांचे रक्त मी माझ्या नितळ नळीच्या नावावर लावून घेत नाही. ते श्यामकांतांचे देणे आहे.

माणसांना औषधे लागतात, हे मला मान्य आहे. पण आमचा जीव घ्याल, तर दोन्ही रांगा पाहा आणि जे दिसेल तेच बोला. आमचे मरण फुकट घालवू नका. ही विनंती नाही, ताकीद आहे. त्या पिंजऱ्यांत आता नव्या आया बसल्या आहेत, आणि त्यांचे डोळे उघडे आहेत.